डावा कोपरा

वरोऱ्याहून चंद्रपूरकडे निघालं की जिनिंगच्या भिंतीनंतर उजव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं. बाहेर एक वाघ उभा आहे, शेपूट तुटलेला. ते प्रफुलचं फायबरचं दुकान. ताडोब्याच्या वाटेवर रिसॉर्टांच्या दारात जे वाघ तोंड वासून उभे असतात, त्यातले बरेचसे प्रफुलच्याच हातचे. ट्रकचे बंपर, बसची तोंडं, टाक्यांची झाकणं, एकदा तर एका शाळेसाठी आठ फुटी पेन्सिल, असं वाट्टेल ते तो करून देतो. त्याच्या कामात खोट काढायची कोणाची टाप नव्हती, आणि कोणी काढलीच तर ती ऐकून घेणाऱ्यांतला प्रफुल नव्हता.

शेडच्या मधोमध त्याचं टेबल होतं. विटांच्या खांबांवर कडप्प्याच्या फरशा, सहा बाय आठ. त्याचे वडील देवाजी गवंडी होते. त्यांनी मरायच्या आदल्या वर्षी पाण्याची नळी लावून हे टेबल लेव्हलमध्ये बसवून दिलं होतं. त्यावर कुठेही काचेची गोटी ठेवा, जागची हलायची नाही. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रफुल हे करून दाखवायचा, त्यासाठी गोटी कायम खिशात. त्याची बायको चंचल दुकानात त्याच्या बरोबरीने काम करायची. तिला या गोटीचा इतका वीट आला होता, की नवऱ्याचा हात खिशाकडे गेला की ती पाठ फिरवून मॅट कापायला बसायची.

मे महिन्याच्या सुरुवातीला जंगू आपली लाल गाडी घेऊन या शेडसमोर आला. भामरागडच्या पलीकडे अकरा किलोमीटर आत त्याचं गाव. गाडी त्याची नव्हती, गावाची होती. ग्रामसभेने बांबू विकून ती घेतली होती आणि चालवायला जंगूच्या हाती दिली होती, त्याला आता नऊ वर्षं झाली. चौकोनी तोंडाची, फायबरच्या अंगाची गाडी. ती काढणारी कंपनी केव्हाच बंद झालेली, त्यामुळे सुटे भाग मिळायची सोय नाही. पावसाळ्यात तिकडच्या नद्या फुगल्या की बाहेरची एकही गाडी गावाकडे फिरकत नाही. मग दुखणाईत माणूस असो, बाळंतीण असो की धान्याची पोती, सगळा भार या एका गाडीवर. आणि नऊ वर्षांत जंगूने तिला साधा ओरखडा येऊ दिलेला नाही, ही गोष्ट त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

जंगूसोबत वारलू होता, ग्रामसभेचा अध्यक्ष. बोलायचं काम वारलूचं, गाडीवर हात ठेवून उभं राहायचं काम जंगूचं.

"बोनेट फाटून राह्यलं भाऊ," वारलू म्हणाला. "फटीतून पानी इंजिनवर पडते. मांगच्या पावसात नाल्यात दोनदा बंद पडली. नवीन बनवून द्या, पानी यायच्या आंदी."

प्रफुलने बोनेटवर टिचक्या मारल्या, कडेला धरून जरासं वाकवून पाहिलं. पातळ, लवचीक माल. उन्हाने कडा पिचलेल्या, पण आकार शाबूत. "याचा साचाच काढून ठेवतो ना," तो म्हणाला. "एकदा साचा झाला का जल्मभर बोनेट भेटत राहीन." आणि त्याने गोटी काढली.

हे काम कसं असतं ते सांगितलं पाहिजे. जुन्या वस्तूच्या फटी पुट्टीने भरायच्या, घासून गुळगुळीत करायच्या, मग तिच्यावर मेणाचे चार-पाच हात द्यायचे, म्हणजे वरचा थर तिला चिकटून बसत नाही. त्यावर जेलकोटचा जाड रंगासारखा थर. त्यावर मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची पांढरी चटई, आणि तिच्यात रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट रसायन, मुरवायचं. असे थरावर थर. सगळं दगडासारखं कडक झालं की जुनी वस्तू आतून सोडवून घ्यायची. जे हातात उरतं तो साचा. त्याच्या पोटात पुन्हा तसेच थर दिले की नवी वस्तू तयार. साच्यात जे असेल तेच प्रत्येक वस्तूत उतरतं, चांगलं असो की वाईट.

मे महिन्यात वरोऱ्यात दुपारी रेझिन, त्यात कडक करणारं हार्डनर पडताच, मगातच उकळून गोटा होतं, म्हणून प्रफुल-चंचल पहाटे पाचला कामाला लागायचे. दुसऱ्या पहाटे प्रफुलने बोनेट गाडीवरून सोडवून आणलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. तीन कोपरे टेबलाला टेकले. चौथा, पुढचा डावा कोपरा, दोन बोटं वर राहिला.

प्रफुलने दाबला की बसायचा, सोडला की पुन्हा वर.

"उन्हानं वाकलं," तो म्हणाला. त्याने कोपऱ्यातून एक वीट आणली आणि त्या कोपऱ्यावर ठेवली. बोनेट गपचूप टेबलाला टेकलं. कडक पत्रा असता तर त्याने विटेला दाद दिली नसती, कुठेतरी कुरकुरला असता. पातळ फायबरचं तसं नसतं. ज्याच्यावर ठेवाल त्याचं होऊन बसतं.

चंचल मेणाची फडकी घेऊन उभी होती. "वीट काऊन ठेवली?"

"लेव्हल नको का यायले?"

"पन ते गाडीवर कसं बसत होतं, पाह्यलं का तुमी?"

"टेबल खोटं बोलन का?" प्रफुल म्हणाला, आणि हार्डनर मोजायला वळला. चंचल बोनेटवर मेण चढवायला लागली. जंगू तेव्हा बाहेर गाडीखाली गोणपाट टाकून झोपलेला होता.

तिसऱ्या दिवशी साचा निघाला, पाचव्या दिवशी नवं बोनेट. रंग देऊन ते इतकं झकास झालं की वारलूने त्यात स्वतःचं तोंड पाहून मिशी नीट केली. मग प्रफुलने ते गाडीवर ठेवलं, आणि उजवा कोपरा दोन बोटं वर राहिला. तो दाबला की मागचा डावा उचलायचा. डुगडुगणाऱ्या पाटासारखं ते बोनेट गाडीवर डुगडुगत होतं.

प्रफुलने बिजागरी सैल केली, घट्ट केली. बोल्ट बदलले. तासभर घाम गाळला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, की बोनेट टेबलावर लेव्हलमध्ये तयार झालं आहे, त्यामुळे बोनेट चुकीचं असूच शकत नाही. मग चूक उरली एकाच जागी. त्याने खाली वाकून पाहिलं, गाडीची डाव्या बाजूची चौकट उजवीपेक्षा दोन बोटं उंच होती. त्याला हायसं वाटलं.

"गाडी ठोकलेली हाये," तो बोनेटवर हात ठेवून म्हणाला. "डाव्या अंगाची चौकट वर उचलली."

वारलूने जंगूकडे पाहिलं. जंगूने गाडीकडे पाहिलं.

"भाऊ, मी नाई ठोकली," जंगू म्हणाला.

"तुमाले समजलं बी नसन. एखांद्या झाडाले, धुऱ्याले..."

"जुनं तं बराबर बसत होतं."

"जुनं वाकड्या गाडीवर राहून राहून वाकडं झालं, म्हनून बसत होतं." हे बोलताना प्रफुलला आपण किती हुशार आहोत असं वाटलं, आणि हुशारीच्या भरात त्याने आणखी एक वाक्य जोडलं. "सांभाळून चालवा जंगूभाऊ. वाकडी गाडी नाल्यात कवा उलटन, सांगता येत नाई."

उजव्या कोपऱ्याखाली रबराचे तुकडे कोंबून त्याने बोनेट कसंबसं आवळून दिलं. जुनं बोनेट जंगूने टपावर बांधलं. जाताना वारलू पुढच्या सीटवर बसला नाही, मागे बसला. हे प्रफुलने पाहिलं, पण त्याचा अर्थ लावत बसायला त्याला वेळ नव्हता. बसचं एक तोंड पुट्टीसाठी खोळंबलं होतं.

दोन आठवड्यांनी फोन आला. पलीकडे रीना होती, जंगूची मुलगी, गावात आशा सेविकेचं काम करणारी. भामरागडला रेंजमध्ये येऊन तिने फोन लावला होता.

"दादा, एकच विचाराचं होतं. गाडी खरंच वाकडी हाये का?"

"काऊन, काय झालं?"

"ग्रामसभेनं बाबाची चाबी घेतली. वारलूकाका म्हनले, ठोकली तं ठोकली, पन लपवून काऊन ठेवली. बाबा म्हनते मी नाई ठोकली. कोनी मानून नाई राह्यलं. तुमी शिकलेले कारागीर, तुमी सांगितलं म्हनते सारे."

प्रफुलने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. पण समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि आपलं म्हणणं मागे घ्यायची सवय या माणसाला जन्मात नव्हती. "हो," तो म्हणाला. "वाकडी हाये." रीनाने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. चंचल पलीकडून ऐकत होती. त्या दिवशी तिने जेवायला वाढताना वरण घेता का म्हणून विचारलंही नाही.

जूनच्या पहिल्या तारखेला सिंदेवाहीहून आदेश नावाचं गिऱ्हाईक आलं. हा धानाचं बियाणं गावोगाव पोचवणारा, तोंडाने फटकळ माणूस. त्याची गाडी तीच, त्याच बंद पडलेल्या कंपनीची, फक्त निळी. वादळात तिच्यावर चिंचेची फांदी पडून बोनेटचा चुरा झाला होता. त्या जागी त्याने ताडपत्री बांधली होती, आणि ती वाऱ्याने फडफडवत तो सिंदेवाहीहून वरोऱ्यापर्यंत आला होता.

"साचा हाये म्हनते तुमच्याकडे."

"हाये ना," प्रफुल म्हणाला, आणि गोटी काढून दाखवली. तिसऱ्या दिवशी साच्यातून दुसरं बोनेट निघालं. आदेशच्या गाडीवर ठेवलं. उजवा कोपरा दोन बोटं वर.

"हे काय होय?" आदेशने विचारलं.

प्रफुलने तोंड उघडलं. 'ठोकलेली गाडी' हे शब्द ओठांवर येऊन बसले होते, आणि तिथेच थांबले. भामरागडची गाडी ठोकलेली, सिंदेवाहीचीही ठोकलेली, दोन्ही डाव्याच अंगाला, दोन्ही दोनच बोटं. असं होत नाही, हे वाघाची शेपूट नीट न जोडणाऱ्यालाही कळतं.

तो टॉर्च घेऊन डाव्या बाजूने आत वाकला. तिथे हवेच्या फिल्टरचा डबा होता. डब्याला जागा मिळावी म्हणून कंपनीनेच त्या बाजूची चौकट दोन बोटं उंच ठेवली होती. कंपनीच्या रिबिटी, त्यांच्यावर कंपनीचाच रंग, कुठे पोपडा सुटलेला नाही. म्हणजे बोनेटचा डावा कोपरा मुळातच वर होता. तो वरच राहायला हवा होता.

टेबलाखाली ती वीट अजून पडलेली होती. तिच्यावर जेलकोटचे ओघळ वाळलेले. प्रफुल तिच्याकडे पाहत उभा राहिला. आपला बाप असता तर त्याने काय केलं असतं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला लाज वाटली, कारण बाप भिंत बांधायच्या आधी जमीन पाहायचा. लेव्हल टेबलाची बरोबर होती. बोनेटला टेबलावर बसायचंच नव्हतं, गाडीवर बसायचं होतं.

"रीनाले फोन लावतो," तो चंचलला म्हणाला. "सांगून टाकतो."

चंचल हात पुसत पुढे आली. "गाडी ठोकली म्हनाले तवा फोनवर म्हनाले होते का? त्या मानसाच्या तोंडासमोर, वारलूभाऊच्या देखत म्हनाले होते. आता ठोकली नाई, हे सांगाले बी तिथंच जा."

"पानी येते आता. रस्ता बंद होते."

"म्हनूनच म्हनते, उद्या जा."

आदेशला नवं बोनेट हवं, तर खरा साचा हवा, आणि शाबूत आकाराचं जुनं बोनेट आता एकाच माणसाकडे होतं. त्यामुळे आदेशही तयार झाला, तोंडाने बडबड करत का होईना. दुसऱ्या दिवशी पहाटे रेझिनचे डबे, मॅटचा गठ्ठा, मेण आणि ताडपत्रीच्या नाकाची निळी गाडी असं सगळं लटांबर चंद्रपूर, आलापल्ली करत भामरागडकडे निघालं. चंचल दुकान सांभाळायला थांबली. प्रफुलने वाटेत गोटी एकदाही काढली नाही.

लाल गाडी गावात मोहाच्या झाडाखाली उभी होती. चाकांमध्ये कोंबड्या बसल्या होत्या. किल्ली गोटूलमधल्या, म्हणजे गावाच्या सभाघरातल्या, खुंटीवर टांगलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. जंगू आपल्या अंगणात टोपलीचा काठ विणत बसला होता. प्रफुलला पाहून तो उठला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि पुन्हा विणायला बसला.

वारलूला बोलावलं. प्रफुलने खाकरून सुरुवात केली, "वारलूभाऊ, मी सांगाले आलो का..."

"आंदी काम दाखवा," वारलू म्हणाला. "मांगच्या बारीनं तुमी आंदी बोलले होते."

तेव्हा काम सुरू झालं. या वेळी जुनं बोनेट टेबलावर गेलं नाही. टेबल गावात नव्हतंच. ते त्याच्या हक्काच्या जागी, लाल गाडीवर चढवलं, बिजागऱ्या लावल्या, खटके लावले. चारही कोपरे बसले, जसे नऊ वर्षं बसत आले होते. पण वरून रेझिनचा भार पडला, ते तापून आखडलं, की लवचीक बोनेट मध्येच खचेल, ही भीती होतीच. खालून आधार हवा होता, आणि तो आधार त्याच्या पोटाच्या गोलाईला तंतोतंत लागणारा हवा होता. प्रफुल लाकडाचे तुकडे घेऊन झटापट करू लागला. एक तुकडा आखूड, दुसरा बोनेट वर ढकलणारा.

जंगू बराच वेळ लांबून पाहत होता. मग तो उठून आत गेला, बांबूच्या ओल्या कामट्या घेऊन आला. त्याने एकेक कामटी गुडघ्यावर वाकवली, बोनेटच्या पोटाशी धरून पाहिली, थोडी तासली, पुन्हा धरली. सुपाला मागून बांधतात तसा त्याने आडव्या-उभ्या कामट्यांचा सांगाडा आतून बांधला. कुठे ढकलत नव्हता, कुठे सुटत नव्हता. डाव्या कोपऱ्यापाशी त्याने एक कामटी जास्तीची लावली. प्रफुलने हात लावून पाहिलं आणि आपले लाकडाचे तुकडे बाजूला सारले. 

चार दिवस लागले. पहाटे काम, दुपारी सावली. मेण, जेलकोट, मॅट, पुन्हा मॅट. साचा सोडवायच्या आधी त्याच्या पाठीवरही जंगूच्या कामट्या रेझिनमध्ये बसवल्या, म्हणजे तो नंतर कुठेही ठेवला तरी पीळ घेणार नाही. गाव येऊन बघायचं आणि जायचं. एक तरुण बाई रोज येऊन मोहाखाली बसायची, मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं इवलंसं लेकरू.

"ही सोमारी," रीनाने सांगितलं. "बारा दिवसांची बाळंतीन."

"दवाखान्यात झाली?"

"नाई. दुखाले लागलं तवा खाटेवर घेऊन निघालो भामरागडले. अर्ध्या वाटेत झाली, झाडाखाली. ऊन होतं. बरं झालं, दोघंही वाचले."

प्रफुलचा ब्रश थांबला. "गाडी?"

"गाडी इथंच होती. चाबी बी होती. गावातल्या सुरजले चालवता येते, पन कोनी हात नाई लावला. वाकडी गाडी नाल्यात उलटते म्हनून." रीनाने हे कुठलाही ठपका न ठेवता सांगितलं. ते वाक्य कोणाचं, हे तिला ठाऊक होतं की नाही, प्रफुलला कळलं नाही. त्याने ब्रश डब्यात ठेवला, बाजूला जाऊन तोंडावर पाणी मारलं. आपल्या बोलण्याचा त्याला इतका राग कधी आला नव्हता. मग परत येऊन काम धरलं, कारण मगातलं रेझिन कोणासाठी थांबत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नवं बोनेट साच्यातून निघालं. रंग नव्हता, नुसतं राखाडी. जंगू आणि प्रफुलने दोन बाजूंनी धरून ते लाल गाडीवर ठेवलं. खट्, खट्, दोन्ही खटके बसले. चारही कोपरे आपापल्या जागी. मग तेच उचलून शेजारच्या निळ्या गाडीवर ठेवलं, तिथेही बसलं. आदेशने चार दिवसांत पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं होतं.

गोटूलसमोर सभा बसली. ढग भरून आले होते, पण पाऊस अजून आला नव्हता. वारलू म्हणाला, "आता बोला."

प्रफुल उभा राहिला. रीना त्याचं बोलणं माडिया बोलीत सांगत होती. "साचा चुकला होता," तो म्हणाला. "गाडी सरळ हाये."

पोचू नावाचा म्हातारा पुढे बसला होता. त्याने रीनाला काहीतरी विचारलं. रीना प्रफुलकडे वळली. "आजोबा इचारते, साचा आपल्या मनानं चुकला का?"

प्रफुलने वर पाहिलं. समोर सत्तर-ऐंशी माणसं होती. सोमारी होती. जंगू सगळ्यात मागे, खांबाला टेकून, जमिनीकडे पाहत बसला होता.

"नाई," प्रफुल म्हणाला. "मी चुकवला. बोनेटचा कोपरा वर होता, त्याच्यावर मी वीट ठेवली. माह्या बायकोनं इचारलं होतं, मी आयकलं नाई. गाडीवर पाहाले पाह्यजे होतं, पाह्यलं नाई. मंग बोनेट बसलं नाई तवा माही चूक जंगूभाऊवर टाकली. रीनाताईनं फोन केला, तवा बी टाकली. जंगूभाऊनं गाडी कुठीच ठोकली नाई. ते उलटन म्हनून जे मी बोललो, ते उगीच बोललो होतो." तो थांबला. रीनाचं सांगून होईपर्यंत उभा राहिला. मग सोमारीच्या दिशेने हात जोडले. सोमारीने लेकराच्या तोंडावरून कपडा सारखा केला.

 पोचूने मान हलवली. वारलू उठला, खुंटीवरची किल्ली काढली, मागे चालत गेला आणि जंगूच्या हातात दिली. "आमी बी आयकलं नाई तुह्यं," तो म्हणाला. जंगूने किल्ली घेतली.

दुपारी निघायचं ठरलं. नवं बोनेट लाल गाडीवर राहिलं. निळ्या गाडीत साचा आणि डबे, आदेशचं बोनेट आता वरोऱ्यात निघणार होतं. लाल गाडी भामरागडपर्यंत पुढे, कारण सोमारीला बाळ दाखवायला दवाखान्यात न्यायचं होतं. ती आणि रीना मागे बसल्या. प्रफुलला जंगूने शेजारच्या सीटकडे खूण केली.

 दोन कोरडे नाले गेले. मग जंगू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "भाऊ, तुमी म्हनलं तवा मी नाई म्हनलं होतं."

"हो."

"पन मंग घरी बसल्या बसल्या आठवून राह्यलो होतो. नऊ सालाचे सारे रस्ते. कुठी लागली असन, कुठी लागली असन. झोप नाई लागत होती." त्याने गिअर बदलला. "अन एक दिवस सापडलं."

"काय सापडलं?"

"त्या फुडच्या नाल्याच्या चढावर एक साग हाये. एकदा पान्यात गाडी घसरली होती तिथं. त्याले लागली असन, असं वाटाले लागलं. मंग पक्कंच वाटलं. आवाज बी आठवला मले, लागल्याचा. बायकोले सांगूनबी टाकलं, का हो, माह्याच हातून झालं."

 या माणसाची प्रफुलने नुसती किल्लीच काढून घेतली नव्हती. न घडलेली गोष्ट त्याच्या आठवणीत नेऊन ठेवली होती, आणि ती काढायला कोणता साचा लागतो, हे प्रफुलला माहीत नव्हतं.

तिसरा नाला आला. चढ चढून जंगूने गाडी बाजूला घेतली आणि उतरला. रस्त्याच्या डाव्या अंगाला जाडजूड साग उभा होता. जंगू त्याच्या बुंध्याशी गुडघ्यावर बसला, बोनेटच्या उंचीपर्यंत सालीवर तळहात फिरवत गेला. प्रफुलही उतरला, त्यानेही वाकून पाहिलं. साल सगळीकडून अखंड होती, कुठे खरचटल्याची खूण नव्हती.

"कुठीच नाई जंगूभाऊ," तो म्हणाला.

"हो," जंगू म्हणाला. त्याने झाडाभोवती आणखी एक चक्कर मारली, पलीकडची बाजूही पाहिली. मग गाडीत येऊन बसला, आणि किल्ली फिरवायच्या आधी पुन्हा एकदा वळून त्या सागाकडे पाहिलं.